'आई मूळ' नावाचा फोल्डर

दादा, तुझ्या तेराव्याला सामंत आला आणि त्याने आधी तुझ्या अॅम्प्लिफायरला नमस्कार केला. खोटं सांगत नाही. दारात चपला काढल्या, तुझ्या फोटोसमोरून तसाच पुढे गेला, त्या काळ्या ठोकळ्यापुढे उभा राहिला आणि हात जोडले. मग बहुतेक आठवलं, मागे वळून तुला फूल वाहिलं. चहा पिताना वहिनीला म्हणतो, "वहिनी, घाई नाही, पण सिस्टिमचं काय ठरवाल ते मला आधी सांगा. चुकीच्या हातात जायला नको." वहिनीने त्याच्या हातातला कप घेतला आणि आत नेला. कप अजून अर्धा भरलेला होता.

हा तुझा सगळ्यात जवळचा मित्र. तुझा कान त्यालाच कळतो म्हणायचास. आम्हाला काय, आमचे कान फक्त कानातली घालायला.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी तुला जे बोलायचं ते तोंडावर बोलत आले. आता पाठीमागे गोड बोलले तर तुलाच संशय येईल. आणि मला राग आहे, दादा. तो तू गेलास म्हणून कमी झालेला नाही. उलट आता समोर कोणी नाही, म्हणून घरभर फिरतो.

आई धवलारीण होती, लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी गाणारी. पालेगावात आणि आजूबाजूच्या चार-पाच गावांत लग्न निघालं की सुपारी आधी तिच्याकडे यायची. भटजी उशिरा आले तर चालायचे, पण आई येऊन धवला धरेपर्यंत नवऱ्याला हळद लागायची नाही. ती ओळ टाकायची, मागे बसलेली ती ओळ उचलायची, तोवर आई पुढची ओळ मनात जुळवायची. मी चौदाव्या वर्षापासून तिच्या मागे बसले. आणि तू मांडवाच्या खांबाला टेकून मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसायचास. बाकीची पोरं बेंजोच्या मागे नाचायला पळायची. आपल्याच घरातल्यांना त्या गाण्यांची लाज वाटायला लागली होती, "कसलं ते म्हाताऱ्यांचं रेकणं" म्हणायचे. तू एकटा दर लग्नाला कोरी कॅसेट घेऊन यायचास. अशा अकरा कॅसेटी झाल्या. त्या वेळी तुझ्याशिवाय हे कोणालाच सुचलं नसतं. एवढं मी मान्य करते, आणि ते मान्य करायला मला जड जात नाही.

दुसरंही एक मान्य करते. बाबा म्हणाले, पोरीला कॉम्प्युटर कशाला, तेव्हा तू मला स्कूटरवर बसवून उल्हासनगरच्या क्लासात नेलंस आणि सरांना सांगितलंस, "हिला सगळं शिकवा, नुसतं टायपिंग नको." त्याच्या जोरावर मी आज अंबरनाथच्या कारखान्यात स्टोअर्सचं सगळं नेटवर्क सांभाळते. एकवीस वर्षं झाली. कोणाला कुठला फोल्डर दिसला पाहिजे, कोणाला नाही, रोजचा बॅकअप कुठे जातो, हे सगळं माझ्याकडे. कंपनीतले साहेब मला विचारतात. तू मात्र कधी विचारलं नाहीस. तुझ्यासाठी मी क्लासात नेऊन बसवलेली पोरगीच राहिले.

गावातली जमीन बिल्डरला गेली आणि तू बदलापूरला मांजर्लीत फ्लॅट घेतलास, तेव्हापासून तुझं हे सुरू झालं. आधी स्पीकर आले. मग अंगठ्याएवढ्या जाड केबली आल्या. त्या जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली लाकडाचे ठोकळे. मग नेटवर्क प्लेअर, आणि त्याला गाणी पुरवणारा तो दोन डिस्कांचा डबा. आवाजाबद्दल तू असं बोलायला लागलास की जणू कुठल्या मठात दीक्षा घेतली आहे. "नंदे, इथे आवाजात हवा आहे बघ." हवा! रविवारी सकाळी तुझं ऐकणं चालू असेल तर वहिनीने मिक्सर लावायचा नाही, कारण लाइनीत घरघर येते. बावीस वर्षांच्या संसारात त्या बाईने खोबऱ्याची चटणी शनिवारी वाटून ठेवली. तुझी 'हवा' तिच्या शिळ्या चटणीवर चालली होती, हे तुला कधी ऐकू आलं नाही.

आई तेव्हा माझ्याकडे बुवापाड्यात राहायची. तुझ्या घरी तिला खोकायची चोरी वाटायची. कॅसेटी तिच्या ट्रंकेत होत्या. तू आलास आणि म्हणालास, "दे, सगळं डिजिटल करतो. डब्यात टाकलं की घरातल्या कोणालाही, कुठल्याही खोलीत, आपापल्या फोनवरून लावता येईल. शेअर्ड आहे ते, सगळ्यांचं." आई कुरकुरली, "मना नको त्यो डबा. हाय ते र्‍हाऊ दे." मीच तिला समजावलं. ट्रंक मीच तुझ्या गाडीत ठेवली.

सगळ्यांचं! डब्यावर सोळा अक्षरी पासवर्ड टाकलास. वहिनीला फक्त ऐकायची परवानगी, तीही तू निवडलेल्या यादीतलं. मी म्हटलं, मला आईची गाणी पेनड्राइव्हवर दे. 'पेनड्राइव्ह' हा शब्द तू असा उच्चारलास की तोंडात माशी गेली असावी. "त्या फोनच्या डबड्यावर ऐकणार तू? आई पिचकी वाटेल. इथे ये, बस, नीट ऐक." म्हणजे माझ्या घरात, माझ्या हातचं जेवणाऱ्या आईचा आवाज ऐकायला मी बदलापूरला तुझ्या सोफ्यावर येऊन बसायचं, तेही मधल्या जागेवर, कारण आवाज तिथेच बरोबर येतो.

त्याच पावसाळ्यात नदी मांजर्लीत शिरली. तू डबा टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून वरच्या मजल्यावर नेलास. दोन दिवसांनी फोन लागला.

"डबा वाचला," तू म्हणालास.

"आणि ट्रंक?"

"ती खाली स्टोअररूममध्ये होती. गेली. पण आता कॅसेटी कशाला हव्यात? सगळं डब्यात आहे."

"दादा, त्याची दुसरीकडे कॉपी कर. आजच्या आज."

"दोन डिस्का आहेत त्यात. एकीवर आहे तेच दुसरीवर. एक गेली तर दुसरी आहे."

"डिस्क गेली तर आहे. तूच काही चुकून पुसलंस तर दोन्हीकडून पुसलं जाईल. त्याला बॅकअप म्हणत नाहीत."

तू हसलास. ते हसू मला पाठ आहे. "तुझ्या स्टोअर्समधले नटबोल्ट नाहीत हे, नंदे. मी उल्हासनगरच्या माणसाकडून बसवून घेतलंय." हा वाद आपण नंतर तीन-चार वेळा घातला. प्रत्येक वेळी तू तसाच हसलास आणि वाद तिथेच सोडलास.

मग तू ते केलंस. आवाजातून आवाज वेगळे काढणारं कसलं तरी नवं सॉफ्टवेअर सामंतने दिलं आणि तू तीन महिने घरात बसून आईला 'स्वच्छ' केलंस. एका रविवारी आम्हाला बोलावलंस. आईला मधल्या जागेवर बसवलंस, पाठीला उशी दिलीस. सामंत कोपऱ्यात डोळे मिटून बसला होता. गाणं लागलं.

आवाज आईचा होता, खरंच स्वच्छ होता. मांडवातला गलका नाही, पोरांचं रडणं नाही, भांड्यांचा आवाज नाही. आई एक ओळ गायची, मग सगळं गप्प. तेवढ्याच लांबीचं गप्प. मग आईची पुढची ओळ. मला कळायला थोडा वेळ लागला. त्या मधल्या जागेत मी होते.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही कोन गाते?"

"आई, तूच," तू म्हणालास.

"आनी माझ्या मागं गानारी कुठं गेली? तिला कुठं टाकलंस?"

"तो आवाज काढलाय. तुझा आवाज उठून दिसावा म्हणून."

"मी येकटी कवा गायलेय रं? येकटीनं गातात ते रडनं. धवला नाय त्यो."

सामंतने डोळे उघडले आणि कौतुकाने मान हलवली, जणू तेही रेकॉर्ड करायला हवं होतं. मी तुला विचारलं, का काढलंस मला. तू सगळ्यांसमोर सांगितलंस, "नंदे, खरं सांगू? तू बेसूर होतीस." चौदा वर्षांची होते मी, दादा. आईच्या मागे बसून तिची ओळ खाली पडू न देता उचलत होते. बेसूर असेनही. नवऱ्या मुलींच्या आया रडायच्या तेव्हा त्यांनी सूर तपासला नव्हता.

जाताना तू जिन्यात म्हणालास, "ओरिजिनल ठेवलंय गं. 'आई मूळ' म्हणून वेगळा फोल्डर आहे. त्यात तू आहेस. एवढं काय चिडायचं." त्यानंतर मी तुझ्या घरी फक्त सणाला आले, तेही वहिनीसाठी.

आई गेली तेव्हा दहाव्याला तू तेच स्वच्छ गाणं लावलंस. लोक म्हणाले, काय क्लॅरिटी आहे! मी घाटावरून उठून गेले. पालेगावच्या दोन म्हाताऱ्या माझ्यासोबत उठल्या. मला मधे घेऊन चालत राहिल्या. तू मागून बघितलंस की नाही ते मला माहीत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते. मंगळवारी दुपारी मी स्टोअर्समध्ये होते. तुझा फोन आला.

"नंदे, शेअरमध्ये एक फोल्डर दिसत नाहीये. येशील का बघायला?"

"तुझ्या उल्हासनगरवाल्याला बोलाव."

"तो नको. तू ये."

"माझी सवय नटबोल्टची. तुझ्या सिस्टिमला माझा हात कसा चालेल?"

तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. मला बरं वाटलं, दादा. खरं सांगते, फार बरं वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलंसुद्धा, की आज आमचे बंधुराज वळणावर आले. त्या दिवशी जेवण चवीने जेवले.

नवव्या दिवशी वहिनीचा फोन आला. आंघोळीला गेलास तो बाहेर आला नाहीस.

तेरावं झाल्यावर वहिनीने मला बसवून घेतलं. म्हणाली, "ते उघडून दे. मला त्यांचं काही नको, आईंची गाणी तेवढी दे." पासवर्ड तिला माहीत नव्हता. बावीस वर्षांत तिला न सांगितलेल्या गोष्टींत तो एक. डब्याच्या पाठीमागे एक बारीक भोक असतं, त्यात टोक घालून थोडा वेळ दाबलं की पासवर्ड जातो आणि आतलं सगळं तसंच राहतं. वहिनीने मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टीपिन काढून दिली. तुझी सोळा अक्षरं सेफ्टीपिनने उडाली. मला हसू आलं, वहिनीलाही आलं. तू गेल्यानंतर त्या घरात आम्ही पहिल्यांदा हसलो.

मग मी आत बघितलं. सामंतचा संग्रह होता, डोंगराएवढा. 'आई स्वच्छ' होता. 'आई मूळ' नव्हता.

असे डबे सगळ्याची नोंद ठेवतात. कोणी काय उघडलं, काय पुसलं, कधी. मी नोंद काढली. सोमवारी संध्याकाळी तुझ्याच कॉम्प्युटरवरून 'आई मूळ' पुसला गेला होता. डबा भरत आला होता, सामंत त्याची गाणी घेऊन येणार होता, म्हणून जागा करायला तू दुहेरी असलेल्या फायली शोधून काढत होतास. दोन फोल्डर, दोन्हीत आई, गाण्यांची नावं तीच. एक काढून टाकलास. मंगळवारी सामंतची डिस्क लावलीस तेव्हा लक्षात आलं असणार. आणि तू मला फोन केलास.

आता ऐक. पुसलेलं सगळं त्या डब्यात आधी कचरापेटीत जातं. ती पेटी साध्या खात्यातून दिसत नाही, डब्याच्या मालकाच्या पानावर जाऊन बघावी लागते. तुला ती आहे हेच माहीत नसावं. सात दिवस तिथे सगळं शाबूत असतं, मग आपोआप रिकामं होतं. म्हणजे मंगळवारी मी आले असते तर एक बटण दाबायचं होतं. बुधवारी आले असते तरी तेच. रविवारी आले असते तरी तेच. पुढच्या सोमवारी संध्याकाळी पेटी रिकामी झाली. तू गुरुवारी गेलास.

मी डबा उचलला आणि उल्हासनगरला तुझ्या त्या माणसाकडे नेला. गंजलेल्या शटरचं दुकान, आत म्हातारे सिंधी काका, चष्म्यावर चष्मा लावून. त्यांनी चार दिवस ठेवून घेतला. पाचव्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी आधी मला स्टूल दिलं.

"दीदी, झूठ नहीं बोलेगा. निकल जाता. मगर ऊपर से नया माल चढा दिया ना, इतना सारा. उसी जगह पे चढ गया."

सामंतचा संग्रह. पेटी रिकामी झाल्यावरही तू तो चढवत राहिला होतास. तुझ्या आईच्या आणि बहिणीच्या अंगावर.

"दादाने तुम्हाला फोन केला होता का?" मी विचारलं.

"नहीं. करते तो मैं फोन पे ही बोलता, कचरापेटी देखो, और अभी कुछ मत डालो." मग डबा कापडाने पुसून माझ्या हातात देत म्हणाले, "बहुत सीखते थे भाईसाब. पर पूछते कम थे."

मांजर्लीला परत आले तेव्हा वहिनी भाजी निवडत होती. मी तिला गेलं म्हणून सांगितलं. मग फोनचंही सांगितलं. मी काय बोलले, तू काय बोललास, मला कसं बरं वाटलं, सगळं. ती रागावेल असं वाटत होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी इथेच होते. ते सामंतला सांगायला तयार नव्हते, त्या काकांना सांगायला तयार नव्हते. आईचं आपल्या हातून गेलं हे बाहेर कोणाला कळायला नको होतं. मी म्हटलं, मी नंदाताईंना फोन करते. तर म्हणाले, नको, ती चिडली की आठ-दहा दिवस लागतात तिला. मग येते. मी बोलवायला गेलो तर अजून लांबेल."

"मग?"

"मग काय. रोज संध्याकाळी रिक्षा थांबली की गॅलरीत जायचे."

मी सामंतचा संग्रह पुसला. कचरापेटीही रिकामी केली. सामंतला वहिनीने तो अॅम्प्लिफायर देऊन टाकला, तो पोत्यात गुंडाळून मूल नेल्यासारखा घेऊन गेला, उंबऱ्याला ठेच लागली तरी खाली बघितलं नाही. 'आई स्वच्छ' मी तीन ठिकाणी ठेवलाय, एक प्रत माझ्याकडे, एक वहिनीकडे, एक पालेगावात ज्यांना हवी त्यांच्याकडे. पासवर्ड नाही. वहिनी आता फोनवरच्या स्पीकरवर लावते आणि बाजूला मिक्सर चालू असतो.

पण तुझी चूक मोठी की माझी, हा वाद मला एकटीने घालता येत नाही, दादा. तू फोनवर 'आईचा' एवढा एक शब्द जास्त बोलला असतास तर मी स्टोअर्स तसंच उघडं टाकून रिक्षात बसले असते. तो शब्द तुझ्या तोंडातून निघाला नाही, कारण मग माझं बरोबर होतं हे कबूल करावं लागलं असतं. एवढा कोता होतास तू. आणि मी तो न ऐकताही ओळखायला हवा होता. तुझा आवाज मी जन्मापासून ऐकत आले. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला कळलं होतं. कळलं होतं म्हणून तर बरं वाटलं.

साठ वर्षांत तू कोणासाठी थांबला नाहीस. जेवायला नाही, लग्नाच्या फोटोला नाही, आईला जिना चढताना दम लागला तेव्हाही नाही. माझ्यासाठी तू नऊ दिवस गॅलरीत उभा राहिलास.

मी आले नाही.